पंचफुलाबाईंचा चिटणीस

अकोल्याच्या कामगार न्यायालयात भिवाजी पडघान वकील बोलायला उभा राहिला आणि तोंड उघडायच्या आतच त्याला खाली बसावं लागलं. जिनमालकांच्या संघटनेचे चिटणीस उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, इथं समोरच्याची संमती असल्याशिवाय वकिलाला उभं राहता येत नाही, आणि आमची संमती नाही. कायदा तसाच होता. गंमत अशी, की चिटणीससाहेब स्वतः वकीलच; पण ते आले होते संघटनेचे पदाधिकारी म्हणून, आणि पदाधिकाऱ्याला कुणाची संमती लागत नाही. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. मागच्या बाकावर बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. आपला वकील न बोलताच का बसला, हे त्यांना कळेना.

बाया जऊळक्याच्या. तिथल्या कापसाच्या जिनमध्ये त्या वर्षानुवर्षं कापसातली कवडी, म्हणजे किडकी पिवळी बोंडं, आणि कचरा वेचत आलेल्या. दसरा झाला की रूपला नावाचा मुकादम बौद्धवस्तीत येऊन हाक मारायचा आणि बाया कामाला लागायच्या. ऐन दसऱ्याला मात्र वस्ती रिकामी असायची. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा झाली, तेव्हापासून त्या दिवशी सगळ्यांची पावलं नागपूरला. आणीबाणीतल्या दसऱ्याला जिनमध्ये नवा मॅनेजर आला. त्यानं त्याच दिवशी वजनकाट्याची पूजा करून काम सुरू केलं. बाया परत आल्या तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्याच बसलेल्या. पहिल्या दिवशी तुम्ही आल्या नाहीत, म्हणजे तुम्हीच काम सोडलं, असं सांगून त्यानं त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून त्यांच्यातली पंचफुलाबाई मिळेल त्या शेतात निंदायला जात होती. जिनचं काम गेलं म्हणजे उन्हाळ्यात चूल कशी पेटायची, हा तिचा साधा सवाल होता.

परतीच्या गाडीत भिवाजीनं बायांना कायदा समजावून सांगितला. वाट एक होती. बायांनी आपली संघटना काढायची, तिची नोंदणी करायची आणि कुणाला तरी पदाधिकारी नेमायचं. मग तो वकील असला तरी त्याला कुणी हटवू शकत नाही. सांगून झालं आणि त्यानं जीभ चावली. वाशिमला त्याचं घर चालायचं ते पेढीवाल्यांच्या दाव्यांवर. बायांच्या संघटनेचा पुढारी म्हणून नाव झालं तर कोणता शेठ आपली कागदं त्याच्याकडे देणार? तो घाईघाईनं म्हणाला, अकोल्यात पाहतो कुणीतरी.

पंचफुलाबाई त्याच्या आईची जोडीदारीण. पण भिवाजीला सनद मिळाल्यापासून तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, वकीलसायब म्हणायची. त्या दिवशी मात्र गाडीच्या खडखडाटातही ऐकू येईल असं ती बोलली.

"दुसरा कोन पाहून राह्यला, भिवा? तुही माय अन् मी एका ढिगाऱ्यावर बसून कवडी येचली. तवा तू तिच्या पदराखाली झोपलेला राहे. कोर्टात तू वकील असशीन. आमच्यात कोन होय, थे सांग मले."

भिवाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जऊळक्याला बाया उतरू लागल्या तेव्हा तो म्हणाला, "बरं मावशी. करा मले चिटणीस."

विहारात सभा भरली. पंचफुलाबाई अध्यक्ष, भिवाजी चिटणीस. नागपूरहून नोंदणी होऊन यायला बराच काळ गेला, आणि मग पुन्हा अकोल्याची तारीख लागली. या वेळी भिवाजी काळा कोट न घालता उभा राहिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. परत तुम्हीच? वकील म्हणून नाही साहेब, तो म्हणाला, या बायांच्या संघटनेचा चिटणीस म्हणून. समोरच्या चिटणीसांनी उठायला खुर्ची मागं सारली, मग काय आठवलं कोण जाणे, तशीच पुढं ओढून बसले.

मॅनेजर साक्षीला आला. भिवाजीनं त्याला फार छळलं नाही. दसऱ्याला वस्तीतली माणसं कुठं असतात, एवढंच विचारलं.

"नागपूरले," मॅनेजर म्हणाला. "सारा गाव जाणते."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"हो ना."

"मग परतल्यावर मुकादमाला हाक मारायला का नाही पाठवलं?"

मॅनेजरनं आपल्या चिटणीसांकडे पाहिलं. ते टेबलावरचे कागद सारखे करण्यात गुंतले होते.

पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागला. बायांनी काम सोडलेलं नाही, त्यांना डावललं गेलं. सगळ्यांना पूर्वीच्या जागी परत घ्यावं, मधले हंगाम कामाचेच धरावेत. भिवाजीनं तो आधी मनात वाचला आणि मग बायांना मोठ्यानं वाचून दाखवला. इतका आनंद त्याला सनद मिळाली तेव्हाही झाला नव्हता. वाशिमला पोचला तर त्याचे पक्षकार, कापडवाले पदमचंद शेठ, घराच्या ओट्यावर बसलेले. भिवाजीला वाटलं, कागद परत न्यायला आले. शेठ म्हणाले, जो माणूस त्या बायांना सोडत नाही तो मला काय सोडणार, आणि भावाच्या दाव्याच्या कागदांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

पुढचा दसरा आला. वस्तीत नागपूरची तयारी चाललेली, भिवाजीही आलेला. एवढ्यात रूपला मुकादम विहारापाशी येऊन उभा राहिला. टोपी सारखी करत म्हणाला, "पंचफुलाबाई, मॅनेजरसायबानं इचारलं, तुमी नागपूरहून कवा येता? त्याच्या दुसऱ्या रोजी जिन चालू करू म्हनतात."

पंचफुलाबाईनं भाकरी फडक्यात बांधल्या, गाठ आवळली.

"आमी आलो का सांगू म्हना," ती म्हणाली.

रूपला मान हलवून निघून गेला. मग अध्यक्ष पांढरं लुगडं सावरत स्टेशनकडे चालू लागल्या, आणि चिटणीस त्यांचं भाकरीचं गाठोडं काखेत धरून मागोमाग निघाले.