चार-बचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे. दोरीवर कपडे वाळत घालतात ना, त्यातलाच. दोन पट्ट्या आणि मधे तारेची स्प्रिंग. अशा चिमट्याला कुणी त्याची कहाणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा बारा भावंडांपैकी अकरा जणांकडे सांगण्यासारखं काही नाहीही. माझ्याकडे आहे. माझ्या तोंडात सात वर्षं कागदाचा एक तुकडा होता.

अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस शहराच्या दक्षिणेला एक छोटा कारखाना होता, तिथे माझा जन्म झाला. आमचं बारांचं पाकीट दोन्या ओफेलियाने, म्हणजे ओफेलियाबाईंनी, विकत घेतलं. ती विधवा बाई, चौथ्या मजल्यावर ब क्रमांकाच्या घरात राहायची. पहिल्याच दिवशी तिने आम्हा प्रत्येकाच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. शेजारणीवर तिचा विश्वास होता, पण शेजारणीच्या हातावर नव्हता. दर सोमवारी ती आम्हाला मोजून दोरीवर लावायची आणि मोजून काढायची.

घरात तिचा एकुलता एक मुलगा नेस्तोर. तंत्रशाळेत गणित शिकवायचा. त्याचा एक निळा सदरा होता, आणि तो धरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं. एका सोमवारी पाम्पाच्या गवताळ मैदानांवरून असा वारा सुटला की मी सदऱ्यासकट चार मजले खाली आलो आणि थेट तानोच्या टपरीवर पडलो.

तानोची पेपरची टपरी त्या इमारतीच्या दाराशीच होती. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल. बाप इटलीहून आलेला, म्हणून सगळा मोहल्ला त्याला तानो, म्हणजे इटलीवाला, म्हणायचा. नेस्तोर धापा टाकत खाली आला.

"तानो, सदरा दे. आणि चिमटाही. आई मोजून घेते."

"सदरा घे. चिमटा माझ्या टपरीवर पडला, तो माझा झाला. नाहीतरी तू रोज इथे उभा राहून निम्मी मासिकं फुकट वाचतोस."

"निम्मी कुठे? विनोदाची पानं मी घरी नेऊन वाचतो."

"हो, आणि तिथून तुझं खिदळणं मला इथे ऐकू येतं."

असा मी तानोकडे आलो. वरच्या गॅलरीतून दोन्या ओफेलिया पुढे बरेच दिवस "माझा बारावा!" म्हणून ओरडायची आणि तानो वर बघून नमस्कार करायचा.

टपरीतली माझी नोकरी मोठी मानाची होती. तानो आत एक दोरी बांधून तिच्यावर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे अंक राखून ठेवायचा. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने घराचा नंबर लिहायचा. सगळे पेपरवाले असंच करायचे. चार-बचा अंक नेहमी माझ्याकडे. "घरचा चिमटा घरच्या अंकाला," असं तो म्हणायचा. मी तो नंबराचा कोपराच तोंडात धरायचो.

मग एका मार्च महिन्यात लष्कराने देश ताब्यात घेतला. सगळ्या पेपरांचे मथळे सारखेच दिसू लागले. तानो म्हणायचा, "एक विकत घ्या, बाकीचे पाठ झाले समजा." हे तो फक्त ओळखीच्यांना म्हणायचा. पुढे पुढे त्यांनाही म्हणेनासा झाला. रस्त्यावरून नंबर नसलेली हिरवी मोटार हळू जायची तेव्हा लोक बोलता बोलता थांबायचे आणि ती गेल्यावर दुसऱ्याच विषयावर बोलायचे.

अशा दिवसांत 'खाजकुयली' निघालं. दर पंधरवड्याला येणारं, स्वस्त कागदावरचं, चित्रांचं आणि टवाळीचं. नाव अगदी शोभेसं होतं. ज्याच्या गणवेशात ते शिरायचं तो दिवसभर खाजवत बसायचा. त्यात सेनापतीचं नाव नसायचं, तोंडही नसायचं. नुसती टोपी आणि तिच्याखाली एक अवाढव्य मिशी. पण टपरीवर शाळेतल्या पोरांपासून पेन्शनवाल्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. लोक ते खेळाच्या पेपरात गुंडाळून न्यायचे. मित्रांनो, त्या काळी लोक तोंड बंद ठेवून हसायचे. खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. फक्त नेस्तोरला ते जमत नव्हतं.

"हळू हस रे गाढवा," तानो दबक्या आवाजात म्हणायचा. "ती गाडी परत फिरतेय."

"तानो, लोक घाबरले की यांना बरं वाटतं. हसले की झोप येत नाही. मग मी यांना झोपू कशाला देऊ?"

"तुझ्या आईला झोपू दे म्हणून."

नेस्तोर अंक काखेत मारून जिना चढून गेला.

एकदा मुखपृष्ठावर लष्करी बूट आला. पानभर मोठा. त्या बुटात एक कुटुंब राहायला गेलेलं, बुटाच्या नाडीवर त्यांचे कपडे वाळत घातलेले, आणि बाई शेजारणीला सांगते आहे, "अंधार आहे खरा, पण भिंती किती मजबूत!" त्या नाडीवर माझ्या जातभाईंची रांग काढली होती. एवढा मान आम्हाला पूर्वी कुणी दिला नव्हता. मी फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

त्या सकाळी गठ्ठे टाकून जाणारा ट्रकवाला तानोला म्हणाला, "आज हा अंक उचलताहेत. दोन चौक पलीकडे आलेत." अंक लपवायला टपरीत जागा ती किती? तानोला अंकांची चिंता नव्हती, कोपऱ्यांची होती. राखून ठेवलेले अकरा अंक, अकरा घरांचे नंबर. त्याने खोडरबर घेतलं आणि दोरीच्या त्या टोकापासून एकेक नंबर पुसायला लागला. कागद स्वस्त, जोरात घासलं तर फाटणार आणि हळू घासलं तर नंबर जाणार नाही. दहा पुसून झाले. अकरावा माझ्याकडे होता. तेवढ्यात गाडी थांबली.

तिघे उतरले. त्यांनी तानोला शटरकडे तोंड करून उभं केलं. एकाने बाहेरचे अंक गोळा केले, दुसऱ्याने आत हात घालून दोरीवरचे अंक ओरबाडले. मी जिवाच्या आकांताने धरून ठेवलं, मित्रांनो. दुसरं मला येतंच काय? अंक गेला, दोरी तुटली, मी खोक्यामागे पडलो, आणि माझ्या तोंडात फाटलेला कोपरा राहिला. नखाएवढा. त्यावर पेन्सिलने लिहिलेलं, ४ ब.

त्यांच्या हाती गेलेल्या अकरा अंकांपैकी एकावरही नंबर नव्हता. हे त्या जागी फक्त मला माहीत होतं. तानोचं तोंड शटरकडे होतं. गाडी गेल्यावर त्याने जमिनीवरचं सगळं, दोरीचे तुकडे, टाचण्या, मी, हाताने गोळा करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

चार दिवसांनी रविवार होता. दुपारी तानो शटर ओढत असताना गाडी इमारतीपाशी आली. डब्यात मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. एक आवाज रखवालदाराला म्हणाला, "चार-ब कुठे?" नाव नाही विचारलं. चार-ब.

थोड्या वेळाने जिन्यावर बरीच पावलं वाजली. नंतर मी तानोच्या तोंडून ऐकलं, की नेस्तोर बनियनवर होता, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच, आणि दोघांनी त्याचे दंड धरले होते. पण त्याचा आवाज मी स्वतः ऐकला. नेहमीचाच, जरा चढा.

"तानो! पुढचा अंक ठेव माझा!"

मग दार आपटलं आणि गाडी गेली. वर पानात शेवया निवल्या. निळा सदरा खुंटीवर तसाच राहिला.

दोन्या ओफेलिया पोलीस चौकीत गेली, छावणीत गेली, बिशपच्या दारात जाऊन बसली. सगळीकडे एकच उत्तर: असा कुणी आमच्याकडे नाही. एका खिडकीतल्या माणसाने तर सांगितलं, "बाई, पोरगा एखादीबरोबर युरोपात पळाला असेल. लग्नाचं कार्ड येईल." ते तिने परत येऊन तानोला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

पंधरवड्याने 'खाजकुयली'चा नवा अंक आला. मुखपृष्ठावर बुटाऐवजी मऊ सपात होती आणि खाली लिहिलं होतं, "आम्ही चूक सुधारली आहे." दोन्या ओफेलिया खाली आली.

"नेस्तोरचा अंक ठेवलास?"

"ठेवलाय, दोन्या ओफेलिया." कोपऱ्यावर आता तो काही लिहीत नव्हता.

तिने तिथेच पानं उलटली. "यात हसायचं कुठे, ते सांग मला. तो आल्यावर विचारेल, वाचलास का म्हणून."

"हा जाडा माणूस बघा. तो म्हणतोय, देशात सगळीकडे शांतता आहे."

"मग?"

"आणि तो उभा आहे स्मशानात."

तिने पान उजेडाकडे धरलं. "याला विनोद म्हणतात?"

"नेस्तोर असता तर हसला असता."

"नेस्तोर आहे," ती म्हणाली. "असता-बिसता म्हणू नकोस."

त्यानंतर दर पंधरवड्याला हेच. ती अंक घ्यायची, तानो विनोद समजावून सांगायचा. मित्रांनो, विनोद समजावून सांगणं एरवीही अवघड, आणि त्याच्या मनात तर काय होतं ते मला ठाऊक होतं. त्याला वाटत होतं, आपल्या पेन्सिलीने याच बाईचं पोर नेलं. कितीदा तरी तो सुरुवात करायचा.

"दोन्या ओफेलिया, एक सांगायचं होतं..."

"काय?"

"पाऊस येईलसं दिसतंय."

आणि मी त्या डब्यात, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, सगळा पुरावा तोंडात धरून पडलो होतो. कुणीतरी मला नुसतं दाबावं, एवढंच हवं होतं. रात्रंदिवस मला नेस्तोरची हाक ऐकू यायची. टपरीचं शटर वर जाताना करकरलं की वाटायचं, आला. पेन्सिलीचा वास कागदातून हळूहळू माझ्या लाकडात शिरला. अजूनही गेलेला नाही.

एकदा मात्र दोन्या ओफेलिया हसली. एका नळवाल्याचं चित्र होतं, घर छतापर्यंत पाण्यात बुडालंय आणि तो मालकिणीला म्हणतोय, "गळती थांबली, आता गळायला जागाच नाही." समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या तोंडून हसू फुटलं, अगदी नेस्तोरसारखं, चढ्या आवाजात. तिने घाबरून तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि मुद्दाम, रस्त्याला ऐकू जाईल असं हसली. त्याच आठवड्यापासून ती गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून सरकारवाड्यासमोरच्या चौकात जाऊ लागली. जिची-तिची मुलं अशीच नेली होती त्या इतर आया, मुलं परत मागत, तिथे गोल गोल चालायच्या.

वर्षं गेली. लष्कर समुद्रातल्या बेटांसाठी लढाई करून हरलं, आणि मग मतदान झालं. लोक मोठ्याने हसायला लागले. 'खाजकुयली' आता टपरीच्या दर्शनी भागात लटकायचं. चौथ्या मजल्यावर नेस्तोरच्या खोलीत त्याच्यासाठी राखलेल्या अंकांचा ढीग खाटेच्या उंचीला आला. नेस्तोर आला नाही.

तानोचे गुडघे गेले. त्याने टपरी विकायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी दोन्या ओफेलिया अंक घ्यायला आली तेव्हा त्याने पावसाचा विषय काढला नाही. खोक्यावर बसून, खाली बघत, सगळं सांगितलं. खोडरबर, दहा नंबर, अकरावा.

"त्यांनी 'चार-ब' असं विचारलं. नाव नाही विचारलं. ते माझ्या पेन्सिलीनं सांगितलं त्यांना."

ती म्हणाली, "माझा बारावा चिमटा कुठाय?"

"अं?"

"तू घेतलेला. जाताना माझी वस्तू मला दे."

कदाचित त्या क्षणी तिला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. तानोने डबा तिच्यापुढे ठेवला. तिने लाल ठिपका बघून मला उचललं. सवयीने दाबलं. स्प्रिंग गंजली होती, दोन्ही हात लावावे लागले. माझं तोंड उघडलं आणि कोपरा तिच्या तळहातावर पडला.

तिने तो डोळ्यांजवळ नेला. "हे तुझं अक्षर," ती म्हणाली.

तानोने बघितलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. म्हातारा माणूस तोंड उघडं टाकून रडला, लहान मुलासारखा, आणि येणारी-जाणारी माणसं थांबून बघत राहिली.

"सात वर्षं मला विनोद समजावत बसलास," ती म्हणाली. "हे एवढं नाही सांगता आलं?"

"भीती वाटत होती."

"त्यांची?"

"तुमची."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तसाच राहू दिला. मग वर आपल्या गॅलरीकडे बघत म्हणाली, "तानो, मग त्यांना चार-ब कुणी सांगितलं?"

तानोने कागदाचा कोपरा पुन्हा उलटून बघितला.

आता मी पुन्हा चौथ्या मजल्यावर आहे. दर सोमवारी दोन्या ओफेलिया तो निळा सदरा धुते, कुणी घातलेला नसतो तरी, आणि मला त्याच्या खांद्याला लावते. वारा सुटला की सदऱ्यात छाती भरते, बाह्या हलतात, आणि मी घट्ट धरतो. एकदा तोंडातून दोरी सुटली होती, पुन्हा नाही सुटू देणार.

मित्रांनो, घरातल्या जुन्या डब्यांची झाकणं अधूनमधून काढत जा. आणि एक सांगतो. तोंड मिटून धरणं हे माझं काम आहे, मला त्यासाठीच बनवलंय. तुम्हाला नाही. ते चार-ब आजही कुठेतरी, कुणाच्या तरी मिटलेल्या तोंडात आहे. ते सांगणारा आता म्हातारा झाला असेल, कदाचित कुणाचा तरी लाडका आजोबा असेल. असा कुणी तुम्हाला भेटला, तर त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि ऐकाल ते येऊन सांगा. चौथ्या मजल्यावर दार लोटलेलं असतं. कडी लावत नाहीत.