उत्तराच्या तारेचे सहा मसुदे, एक हरवलेला

मसुदा पहिला

*येतो. सेतुमाधव.*

खोडला. पेन्सिल माझी, शब्द ह्यांचे. एकवीस वर्षं स्टंपांमागे बसून ह्यांची बोटं अशी झाली आहेत की करंगळी समुद्राकडे बघते आणि अनामिका मैलापूरकडे. सही तेवढी स्वतः करतात. बाकी काहीही लिहायचं झालं की, "अगं, पेन्सिल घे."

तार काल दुपारी आली, निवड समितीची. इथे मद्रासला पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, टेस्टला चार दिवस उरलेत, कीपरचं बोट मोडलंय, दुसरा अगदी नवखा आहे. तुम्ही निवृत्ती मागे घेऊन खेळाल का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. सोबत उत्तराचा एक कोरा फॉर्म.

ह्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वय त्रेचाळीस. आणि 'उद्या' म्हणजे आज. आज मामंजींचं श्राद्ध.

तार इंग्रजीतच जाणार आहे. पण भांडण मराठीत चाललंय, म्हणून मसुदेही मराठीत.

मसुदा दुसरा

*विचार करतो आहे. सेतुमाधव.*

"हे कुणी तारेनं कळवतं का?" मी म्हटलं.

"मग काय कळवतात?"

"काय ठरलं ते."

"ठरलं नाहीये म्हणून तर तसं लिहितोय!"

खोडला.

मसुदा तिसरा

*आनंदाने येतो. देशासाठी सदैव तयार. सेतुमाधव.*

हा बाळकृष्णभाऊजींचा. धाकटे दीर. मद्रासजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात आहेत. श्राद्धासाठी पहाटेच्या गाडीनं आले आणि पाय धुवायच्या आधी सांगायला लागले.

"अण्णा, जायचंच. बातमी कालच फॅक्टरीत पोचली, अस्के, अगदी सगळे, विचारत होते. मी फोरमनला शब्द देऊन आलोय."

"फोरमन खेळणार आहे का?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही गप्प राहा हो. तुम्हाला क्रिकेटातलं काय कळतं?"

खरं आहे. मला फक्त गुडघ्यांतलं कळतं. ह्यांच्या गुडघ्यांची गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि तेलाच्या बाटलीला. जिना चढताना डावा पाय पुढे, मग उजवा त्याच्या शेजारी, मग थांबून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघायचं, जणू तारीख पाहायलाच थांबले. सकाळी न्हाणीघरात पाटावरून उठताना नळाला धरतात. नळ दोनदा उखडला. प्लंबरला सांगितलं, नळच कच्चा.

तीस हजार लोकांपुढे नळ नसतो. मद्रासचे लोक हसणारही नाहीत. जाणकार आहेत. नुसतं च्च करतील. ते ह्यांना सोसणार नाही, आणि ते ऐकून घरी आलेला माणूस मला सोसणार नाही.

मसुदा चौथा

भटजींनी त्यावर दर्भ ठेवले. सापडत नाही. त्यात फार काही नव्हतं.

(इथे मसुदा नाही. इथे अंगण आहे.)

बारा वाजले. शेणानं सारवलेल्या मंडलाजवळ दोन ब्राह्मण उभे. पहिले राममूर्तीआचार, निवृत्त हेडमास्तर. काल ह्यांना बजावून गेलेले, "सेतू, तू गेला नाहीस तर मी तुझ्या घरी जेवणार नाही." आज सगळ्यांच्या आधी आले.

श्राद्धात यजमानानं उकिडवं बसून ब्राह्मणांचे पाय धुवायचे, बायकोनं पाणी घालायचं. हे बसले. काय बसले! टाचा उचललेल्या, पाठ ताठ, मान पुढे. भाऊजींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी पाणी घातलं. ह्यांनी आचारांचा उजवा पाय धुतला, डावा धुतला. पुसले.

"उठा, आता दुसऱ्यांकडे," भटजी म्हणाले.

हे उठले नाहीत.

"पाणी घाल," मला म्हणाले.

घातलं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. एकेक बोट. तांब्या संपला.

"आणखी."

दुसरा तांब्या भरला. ह्यांची मान खाली. मानेवर घाम. मला कळलं. आचारांनाही कळलं असणार, कारण ते आकाशाकडे बघायला लागले. हेडमास्तरांचे पाय जन्मात इतके स्वच्छ झाले नसतील.

"अण्णा, पुरे की," भाऊजी म्हणाले. "धुऊन धुऊन झिजतील."

"आणखी," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक.

तिसरा तांब्या मी भरलाच नाही. रिकामा खाली ठेवला आणि ह्यांच्या पुढ्यात खांदा वाकवला. ह्यांनी धरला. सगळा भार टाकला. गुडघ्यातून जो आवाज आला तो भटजींच्या मंत्रातही ऐकू आला. भटजी ओळ विसरले.

भाऊजी तेवढ्यात आत गेले, दर्भ आणायला म्हणून. दर्भ बाहेरच होते.

मसुदा पाचवा

*पत्नी गंभीर आजारी. येणे अशक्य. क्षमस्व. सेतुमाधव.*

ब्राह्मण जेवून गेल्यावर हा सांगितला. मी लिहिला, वाचला, आणि पेन्सिल ठेवली.

"मला काय झालंय?"

"काहीतरी सांगावं लागतं गं."

"पहाटे चारपासून उभी आहे मी. वडे तळले, उडदाच्या पिठाची डांगर पचडी केली, तुमच्यासकट सगळं उचललं. आणि आजारी मी?"

"तारेत नुसतं..."

"उद्या पेपरात येईल. परवा आपल्या ट्रिप्लिकेनातली निम्मी वस्ती नारळपाणी घेऊन दारात. मी पलंगावर झोपू का चार दिवस?"

ह्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"माझे गुडघे शाबूत आहेत," मी म्हटलं. "मी हे लिहिणार नाही. तुमचं तुम्ही लिहा."

मसुदा सहावा

पेन्सिल नव्हे, शाई. कागद नव्हे, एकदम फॉर्मच, तोही इंग्रजीत; खालचं मराठी माझं. अक्षरं स्टंप उडाल्यासारखी, एक इकडे, एक तिकडे. पाव तास लागला. मी मदत केली नाही. करावीशी वाटली, पण पदर दातात धरून उभी राहिले.

*गुडघे गेले. नवख्याला खेळवा. सेतुमाधव.*

भाऊजींनी वाचलं. "अण्णा, फोरमनला काय सांगू?"

"हेच सांग."

ते फॉर्म घेऊन तार ऑफिसला गेले. वाटेत वाद घालायला कुणी नव्हतं, म्हणून लवकर परत आले.

सगळ्यांचं झालं होतं. यजमान शेवटी जेवतो. मी पाट उचलून भिंतीला लावला आणि टेबलाशी खुर्ची ओढली.

"श्राद्धाच्या दिवशी खुर्चीवर?"

"मामंजींना चालेल. त्यांचेही गुडघे असेच होते."

बसले. दोन घास खाल्ले. तिसरा हातातच थांबला.

"लंचपर्यंत तरी बसलो असतो गं मी स्टंपांमागे. पहिल्या दिवशी."

"जेवा."