भिंती धरून की सोडून?

“बाई, हे बारा चौरस मीटर भिंती धरून की सोडून?”

मैत्रिणींची पैजच होती : विचारलं नाहीस तर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या पाठीवर. गेल्या वर्षीपर्यंत फ्लोरीन हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. पण यंदा वादविवादाची ढाल घरी आली आणि तिच्या तोंडाचं कुलूपच निघालं.

राजधानीहून आलेल्या सरकारी बाई कैद्यांच्या हक्कांवर बोलत होत्या. परदेशांना दिलेला शब्द आपण पाळतो, माणशी चार मीटर, तिघांच्या कोठडीला बारा. फळ्यावर त्यांनी गावच्या तुरुंगाचा नकाशाही लावला होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, चष्मा पुसला.

“भिंती... धरून.”

वर्ग खदखदून हसला.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“कबुतरांनी,” फ्लोरीन म्हणाली.

ते अगदीच खोटं नव्हतं. तिचे बाबा, वान्नेस, त्याच तुरुंगात पहारेकरी होते आणि रविवारी शर्यतीची कबुतरं सोडायचे. खुराड्याचं माप ते नेहमी आतून घेत. “पाखरू काय भिंतीत राहतं?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

संध्याकाळी तुरुंगाच्या संचालकांचा फोन आला. खोटी माहिती पसरवल्याबद्दल मुलीने सोमवारपर्यंत लेखी माफी मागावी, नाहीतर आतली गोष्ट बाहेर फोडल्याबद्दल वान्नेसची चौकशी.

“खोटी असेल तर आतली कशी?” आई म्हणाली. “आणि आतली असेल तर खोटी कशी?”

“ते तूच विचार त्यांना, ग्रीत.” बाबा बटाट्याचे तळलेले काप नुसतेच मेयोनेजमध्ये बुडवत होते. “बावीस वर्षं नोकरी केली. शेवटी घात केला कबुतरांनी.”

“कबुतरांना कशाला बोल लावतोस? तुझी लेक बघ, शर्यत जिंकल्यासारखी बसलीय.”

“बाबा, तिसरा माणूस झोपतो कुठे?” फ्लोरीनने विचारलं.

बाबांनी काटा खाली ठेवला. “खाली, गादी टाकून. लांबलचक गडी आहे. डोकं संडासाच्या पडद्याला टेकतं. सकाळी पाव द्यायला गेलो की त्याला ओलांडावं लागतं. रोज म्हणतो, ‘थांबा साहेब, पाय आवरतो.’ आवरणार कुठे बिचारा?”



रविवारी दुपारी फ्लोरीन कागद घेऊन खाली आली. “माफी लिहिलीय.”

आईने सुस्कारा सोडला. फ्लोरीन वाचू लागली :

“माननीय संचालक, माझी चूक झाली. मी फक्त भिंतींचं विचारलं. नियमाप्रमाणे संडासही वगळावा लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भिंती गेल्या, उरले दहा. संडास गेला, उरले साडेआठ. लागतात बारा. बाकीचे साडेतीन मीटर सापडल्यास कळवावे. सगळी मापं वर्गात लावलेल्या सरकारी नकाशावरची आहेत. वडिलांनी मला फक्त कबुतरांबद्दल सांगितलं आहे.”

बाबांच्या खांद्यांना आधी नुसता हेलकावा बसला. मग ते डोळे पुसेपर्यंत हसले.

“हे उद्या संचालकांना देणार,” फ्लोरीन म्हणाली. “आणि पुढच्या महिन्यात तुरुंग तपासायला स्ट्रासबुर्गहून युरोपची समिती येतेय ना, एक प्रत तिला. खाली सही माझी. आई, बाबा, विचारत नाहीये, सांगतेय.”