म्यानाबाहेर

लैपटॉप की स्क्रीन में अंदर से दरार

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी निवेदितानं हे सर्चमध्ये लिहिलं, ती शिकवायची त्या आठवीच्या वर्गात, उभ्याउभ्याच. तिची सवयच तशी. माणसांना विचारण्याआधी सर्चला विचारायचं, आणि तेही हिंदीत. ग्वाल्हेरात अनोळखी माणसाशी हिंदीतच बोलतात, आणि सर्च कितीही मदत करो, घरचा थोडाच आहे.

तीन लॅपटॉपांच्या काचा आतून तडकल्या होत्या. बाहेर ओरखडा नाही. झाकण उघडलं की मधोमध काळा डाग आणि त्यातून चहूकडे पसरलेल्या रेघा. बाकीचे लॅपटॉप ठणठणीत.

वर्षभर भांडून तिनं हे लॅपटॉप हेडमास्तरांच्या कपाटातून वर्गात आणले होते. त्याआधी ते फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघायचे, पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशांसारखे. हेडमास्तर दिग्विजयसिंह सरांनी किल्ली दिली होती ती एका अटीवर: एक जरी बिघडला, तर सगळे परत आत.

इथे तर तीन.

बच्चों ने तोड़ा हो तो कैसे पता करें

लिहिलं, आणि पुसून टाकलं. कारण तोवर स्टाफरूममध्ये निकाल लागलाही होता.

"सुट्टीच्या आधी लॅपटॉप रॅकमध्ये कुणी लावले?" सरांनी विचारलं.

"आठवीतल्या गरिमानं," पद्माताई म्हणाल्या. पद्माताई विज्ञान शिकवायच्या आणि येत्या एप्रिलात निवृत्त होणार होत्या. "पोरगी चांगली आहे हो, पण हात धसमुसळा. माझं एक बीकर गेलंय तिच्या हातून."

गरिमाला बोलावलं गेलं. ती दारातच थांबली. "सर, मी फक्त उचलून ठेवले. मतलब, आरामसे ठेवले. कसम से."

"शपथा नकोत," सर म्हणाले. "निवेदिता मॅडम, शनिवारी सगळे लॅपटॉप माझ्या कपाटात. मुलांना एवढ्यात झेपायचं नाही हे."

गरिमा रडली नाही. तिनं फक्त निवेदिताकडे पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

कीबोर्ड में फंसी चीज कैसे निकालें

दुपारी निवेदिता तडकलेल्या लॅपटॉपांवरून ब्रश फिरवत होती. दुसऱ्याच्या कीबोर्डमधून काहीतरी पांढरं बाहेर आलं. नखाएवढंही नव्हतं. एका बाजूला लालसर.

तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

आणि तिला सगळंच आठवलं, कारण तबक तिच्याच हातात होतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पद्माताई घरून हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि अक्षता घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरी खंडेनवमीला पणजोबांची तलवार पूजली जाते. "आता आपली हत्यारं हीच," त्या म्हणाल्या होत्या. निवेदिताला इतका आनंद झाला होता! दहा महिने ह्याच बाई लॅपटॉपला 'ते तुमचं' म्हणायच्या. गणपतीनंतर कुठे त्यांनी एका वेबसाइटवर धडधडणारं हृदय पाहिलं, झडपा उघडताना पाहिल्या, आणि मग रोज तास संपला तरी उठेनात.

"झाकण मिटलेलंच राहू द्या ना, ताई. वरूनच वाहा," निवेदिता म्हणाली होती.

"अगं, म्यानातल्या तलवारीची कधी पूजा करतात का? उघड सगळे."

मग उघड्या कीबोर्डांवर अक्षता पडल्या, वर एकेक फूल. शेवटी फुलं उचलली गेली. दाणेही झटकले असं वाटलं. झाकणं मिटली, आणि गरिमानं लॅपटॉप एकावर एक रचले.

बड़ों को उनकी गलती कैसे बताएं

एकांतात सांगा. हसतमुखानं सांगा. आधी कौतुक करा. सगळी पानं हेच म्हणत होती. ती लिहिणाऱ्यांना पद्माताई भेटलेल्या नव्हत्या.

सांगितलं, तर ह्या बाई पुन्हा लॅपटॉपला हात लावणार नाहीत. नाही सांगितलं, तर शनिवारी कपाट, आणि गरिमाच्या नावापुढे कायमचं 'तोडणारी'. दाणा कागदात गुंडाळून ती प्रयोगशाळेत गेली. पद्माताई एका चांगल्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"ताई, थोडं बोलायचं होतं. तुम्ही शिकवता फार छान—"

"कौतुक नंतर. आधी हे बघ. मी ह्यालाच विचारतेय. पडून फुटलं तर बाहेर खूण हवी ना? ती नाहीये. सकाळपासून मला चैन नाही. ते मराठी अक्षर कसं आणायचं?"

"हिंदीतच लिहा ना. लवकर होईल."

"मला घाई नाही."

लॅपटॉपची काच आतून का फुटते

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, हे पद्माताईंनी लिहिलं. उत्तर वाचताना त्यांचे ओठ हलत होते. कीबोर्डवर राहिलेली लहान, कठीण वस्तू. पेनचं टोपण, पिन, खडा. वरून भार आला की—

ओठ थांबले.

निवेदितानं कागद उघडून टेबलावर ठेवला.

पद्माताईंनी दाणा बोटाच्या टोकावर घेतला. उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "क्षेत्रफळ कमी, दाब जास्त. दरवर्षी शिकवते मी. दरवर्षी तीच खिळ्याची आकृती."

"तबक माझ्या हातात होतं, ताई. मीही पाहिलं नाही."

"तू सांत्वन करू नकोस. वाईट करतेस." त्यांनी दाणा परत कागदात ठेवला. "उद्या आठवीला पहिला तास माझा. सरांना बोलाव."

(इथे कुणीच काही शोधलं नाही)

सर मागच्या बाकावर बसले, हाताची घडी घालून. पद्माताईंनी जुनी काचपट्टी सपाट फडक्यावर ठेवली, वर पुस्तक ठेवून तळहातानं दाबलं. काही झालं नाही. मग पट्टीखाली दाणा सरकवला आणि तेवढंच दाबलं.

टक्.

"दाना मेरा था," त्या म्हणाल्या. हे मुद्दाम हिंदीत, सगळ्या वर्गाला कळावं म्हणून. "पूजा मैंने की थी। गरिमा ने कुछ नहीं तोड़ा।"

मागून कुणीतरी विचारलं, "मॅम, फिर पूजा नहीं करनी चाहिए?"

"करनी चाहिए। फिर देखना भी चाहिए।"

तडकलेला एक लॅपटॉप निवेदितानं वायरनं जुन्या मॉनिटरला जोडला. त्यावर हृदय धडधडायला लागलं. बाकीच्या दोन्हींनाही संगणकखोलीतले मॉनिटर मिळतील, ती सरांना म्हणाली. सर उठले. शनिवारचं पाहू, म्हणाले, आणि निघाले. दाराशी वळून म्हणाले, "ताई, आमच्याकडेही तलवार उघडीच पूजतात. मीही हेच केलं असतं." किल्लीविषयी एक शब्द नाही.

तास संपला. गरिमा लॅपटॉप गोळा करायला उठली आणि अडखळली.

"ये," पद्माताई म्हणाल्या. त्यांनी स्वतः एक लॅपटॉप पुढे ओढला आणि झाकण मिटण्याआधी तळहात सगळ्या कीबोर्डवरून सावकाश फिरवला, आरतीच्या ताटावरून फिरवावा तसा. "असं. मग मिटायचं."

गरिमानं दुसरा घेतला आणि हात फिरवला. मग बाकीच्यांनीही, आपापल्या.

शनिवारी सर लॅपटॉप न्यायला आले नाहीत. किल्ली निवेदिताकडेच होती. तिनंही विचारलं नाही.