लोहाऱ्याच्या फ्रिजमधली कुपी

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी कुपी आहे. लोहाऱ्यातल्या शांतलिंगअप्पांच्या फ्रिजमध्ये, ताकाच्या पातेल्यामागे पडून आहे. माझ्या पोटात आरएनएचे इवले तुकडे आहेत.

प्रथिन बनवायचे झाले, की शरीरातली पेशी जनुकावरून एक चिठ्ठी उतरवून घेते. अप्पांना वडिलांकडून एक चुकीचे जनुक मिळाले. त्याची चिठ्ठी वाचून यकृत बिघडलेले प्रथिन बनवते, ते नसांत साचते आणि पाय बधिर होतात. ती चिठ्ठी गाठून फाडायची, हे माझ्यातल्या तुकड्यांचे काम. साधा आरएनए रक्तात लगेच तुटून नष्ट होतो. म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्यांची जडणघडण जागोजागी बदलून त्यांना चिवट केले. यकृताने आत घ्यावे म्हणून टोकाला साखरही जोडली. पण मेलेली नस मी जिवंत करू शकत नाही. उरलेल्या तेवढ्या वाचवते.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला अप्पांच्या हाती दिले, तेव्हा माझ्या मुदतीचे थोडेच महिने उरले होते. "या आठवड्यात गावातच टोचून घ्या. थांबू नका," त्या म्हणाल्या.

घरी लेकीची, शिवरंजनीची, सोयरीक चालली होती. अप्पांची थोरली बहीण शांताक्का आडवी आली.

"दवाखान्यात सुई घेतलास की बाजारभर व्हतंय. पाव्हणे तीन पिढ्यांचं इचारत्यात. काय सांगू, बापाचे पाय मेलेत?"

"अक्का, बाई म्हनल्या, थांबू नका."

"साखरपुडा हू दे. पाय काय पळून जातेत व्हय?"

अप्पा हसले. "पळाले असते तर बरंच की!"

साखरपुडा झाला. मग लग्न होऊ दे, शांताक्का म्हणाली. मग लेकीची पहिली नागपंचमी. डॉक्टरीणबाईंचे फोन तिने उचलू दिले नाहीत. माझी मुदत संपली.

पंचमीला शिवरंजनी आली, तेव्हा अप्पांना भिंत धरूनही उभे राहता येत नव्हते. ताक काढताना मी तिच्या हाती लागले. तिने तारीख वाचली, खोदून खोदून विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले.

"अप्पा, माझ्यासाठी थांबलात? आन् हे माझ्यात बी असंल, ते कवा सांगणार व्हता? मला लेकरं झाल्यावर?"



दुसऱ्या दिवशी ती रक्त तपासायला सोलापूरला निघाली. शांताक्का दारातून म्हणाली, "सासरी कळू देऊ नको बाई."

मित्रांनो, मला आता फेकून दिले तरी चालेल. पण आजोबा कशाने आजारी होते, ते आज घरी विचारा. मोठ्यांनी विषय बदलला, तर उद्या पुन्हा विचारा.