पूजेत बसलेला नॉब

शिवांजलीचं सगळं चांगलंच असतं. केस चांगले, अक्षर चांगलं, आणि आमच्या वर्कशॉपातल्या लेथ मशीनवर उभी राहिली तर तिथंही हात चांगला! मी सातवीपासून अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, मागं लागले होते, तेव्हा कुठं दहावीत त्यांनी मला लेथवर हत्यार धरू दिलं. आणि ही माझी चुलतबहीण कळंबहून नवरात्राला आली काय, "काका, मी करून बघू?" म्हणाली काय, अप्पा लगेच, "कर की बाई!"

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या रणधीरदादांनी हैदराबादहून लाल स्पोर्ट्स कार आणली. जुनी आणि दोनच सीटांची, पण काय दिसते म्हणून सांगू! उमरग्याच्या हायवेवर ट्रकवाले मान वळवून बघतात. फक्त तिच्या गिअरच्या दांडीवरचा नॉब, मुठीत धरायचा तो गोळा, तडकलेला. दादांना बाजारातला नको होता. "अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं नसंल असा करा," ते म्हणाले.

अप्पांनी आम्हा दोघींकडं बघितलं. "दोघी बी करा. त्यांना पसंत पडंल त्यो लागंल."

बस. मला जेवण गोड लागेना. त्या गाडीत माझाच नॉब बसायला पाहिजे!

मी पितळ घेतलं. घासून घासून नॉब असा चमकवला, की त्यात माझं नाक दिसायचं, तेही भज्याएवढं. आणि शिवांजलीनं काय घ्यावं? मोडक्या तिफणीचं बाभळीचं लाकूड!

"दादा काय पेरणीला चाललेत व्हय?" मी विचारलं.

ती नुसती हसली. तिला राग येत नाही, हेही मला सहन होत नाही. पण लाकूड गोल होत गेलं तशा आतल्या तांबूस रेघा उमटायला लागल्या, आणि मी मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. लेथ पुसून लख्ख, झेंडूचा हार, पुढं पाटावर नट आवळायचे पाने, आटे पाडायचा टॅप, ड्रिल अशी सगळी हत्यारं. सगळी गल्ली येणार. शिवांजली कोपऱ्यात बसून नॉबला अजून तेलच चोळत होती. माझा तर तयार होता! मी तो पाटावर मधोमध ठेवला, पान्यांच्याही पुढं. अप्पांनी हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं.

"अगं बया, कसला झळकतोय! कुणी केला गं?" आत्यानं विचारलं.

"म्या!" मी एवढ्यानं ओरडले, की पुजारीकाका मंत्र चुकले.

दुपारी रणधीरदादा आले. "काका, उद्या पहाटंच सासुरवाडीला निघायचंय. आजच लावून द्या की."

मी पाटाकडं झेपावले.

"थांब महेश्वरी," अप्पा म्हणाले. "पूजेत बसलेलं दसऱ्याच्या सकाळीच उठतं."

"अप्पा, ते काय हत्यार हाय का?"

"मग ठिवलं कशाला?"

काय सांगू? आत्याला दाखवायला?

पूजेत नव्हता तो फक्त शिवांजलीचा. ती गाडीत बसली, दांडीवर नॉब फिरवला, आणि तो डुगडुगला! आटे थोडे ढिले पडले होते. नीट करायचं तर टॅप पाहिजे, आणि टॅप पाटावर फूल घेऊन बसलेला.

"ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाले. "परत आलो की त्यो पितळी लावू. मला चमकणारंच आवडतं."

माझ्या पोटात फटाके फुटले! आता नुसतं गप्प बसायचं होतं. शिवांजलीचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इलाज मला माहीत होता. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आट्यांवर फिरवली, की पक्कं बसतं. सांगणार कोण? मी? मुळीच नाही.

तेवढ्यात दादांनी नॉब हलवून बघितला आणि हसले. "काय काका, तुमच्या लेथवरचं काम बी हलाया लागलं व्हय?"

अप्पा खाली बघायला लागले.

"आमच्याकडचं काम हलत न्हाय!" मी म्हणाले आणि मोरीकडं पळाले. टेप आणली, शिवांजलीला बाजूला सारून आट्यांवर घट्ट गुंडाळली आणि नॉब फिरवला. पक्का! रेघासुद्धा सरळ समोर आल्या.

दादांनी गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा. मग हात तिथंच ठेवून म्हणाले, "हाताला लई ग्वाड लागतंय गं. आता ह्योच ऱ्हाऊ द्या."

झालं! आत्यासकट सगळे शिवांजलीभोवती. आणि तिनं काय म्हणावं? "मी कुठं, महेश्वरीनं वाचवलं!" वर सगळ्यांदेखत मला मिठी. म्हणजे कौतुकसुद्धा मला हिनंच वाटून द्यायचं!

"सोड, तेल लागतंय," मी म्हणाले.

गाडी घुमली, निघाली. मी कोपऱ्यापर्यंत मागं पळाले. "दादा, माझा पितळी एकदा लावून बघाच!"

दादांनी हात हलवला. मला, की माझ्यामागं येऊन उभ्या राहिलेल्या तिला, काही कळलं नाही.