किरणने पाहिलेलं चर्च

माझा चुलतभाऊ किरण जर्मनीला शिकायला निघाला, तेव्हा आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, पासपोर्ट आम्हा दोघांचे काढले होते. विमानात बसला तो एकटा. "पोरगीले इतलं दूर नको," असं आबांनी ऐन वेळी ठरवलं आणि मी जळगावातच आर्किटेक्चर शिकत राहिले. तो तिकडे कोलोन शहरात मॅनेजमेंट शिकतो. तिथलं ते जुनं, प्रचंड चर्च त्याला रोज स्टेशनवर जाताना लागतं. मी इकडे जळगावात, मेहरूणला बसून त्या चर्चचा आराखडा पाठ केलाय. पोटात दुखतं माझ्या, लपवत नाही.

रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याने मागे चर्च दाखवलं, तेही अर्धंच.

"केवढं काळं पडलंय बघ, ताई. साफच करत नाहीत."

आबा मोबाइलवर वाकले. "हाई बठ्ठं दगडच शे ना रे?"

"असेल सगळं दगडाचं, आबा."

असेल! बांधायला सहाशे वर्षं लागली, आणि हा म्हणतो असेल. पण खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. पोहोचला होता तो, पण पाहत कुठे होता?

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. भाषेच्या वर्गात एखादी जुनी इमारत पहिल्यांदा पाहून काय वाटलं ते लिहायला सांगितलं होतं.

"तूच लिहून दे ना, ताई. मला तर काहीच वाटलं नाही."

मुकाट्याने लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला किती कळत नाही, हे दाखवायची मला खुमखुमी आली.

"देते. पण आधी आत जा. भिंती एवढ्या उंच, आणि सगळ्या खिडक्याच खिडक्या. मग छताचा भार कोण घेतंय, ते शोध. नाही सापडलं तर बाहेर येऊन मागच्या बाजूने बघ. आपल्या चोपड्याच्या मळ्यात घड धरलेल्या केळीला टेकू देतो ना आपण? तसंच केलंय त्यांनी, दगडात. मग परत आत जा आणि शांत बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"किरण? सापडलं का?"

"ताई, खिडकीतून ऊन आलंय. खाली फरशीवर, माझ्या हातावर, सगळीकडे रंग आहेत. तू लिहू नकोस. मी लिहितो."

"व्हिडिओ लाव ना. मला दाखव."

"नंतर लावतो. आत्ता जरा एकट्याने बसू दे."

फोन बंद झाला. तो विमानात बसला त्या दिवशीही मी इतकी जळले नव्हते. माझ्याकडे पाहायची नजर तेवढी होती, आणि तीही मीच त्याला देऊन बसले होते.

"काय म्हनस किरन?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा. चर्च बघतोय."